रस्त्यावर काही सापडलं नाही

९ जानेवारी

ऑफिसच्या टिपणात 'मी' चालत नाही. 'असे निदर्शनास आले', 'असे ठरले', 'पुढील कार्यवाही व्हावी'. वर्षानुवर्षं असं लिहिलं की आपल्याला काही दिसतं यावरचाच विश्वास उडतो. सगळं नुसतं निदर्शनास येतं. म्हणून इथे आपलं आपल्यापुरतं, साध्या भाषेत.

आमचा निधी लहान आहे. ट्रकच्या धंद्यात पैसा केलेल्या एका गृहस्थांनी म्हातारपणी, काय मनात आलं कोण जाणे, मृत्युपत्रात लिहून ठेवलं की रस्ते आणि रस्त्याकाठचे प्राणी यांच्या अभ्यासाला मदत करावी. पोरांनी कपाळाला हात लावला, पण इच्छा पाळली. मदत कोणाला द्यायची, दिलेली नीट वापरली जाते का ते बघायचं, आणि थांबवायची वेळ आली की तसं लिहायचं, हे माझं काम.

सध्याचा सगळ्यात मोठा अभ्यास हरणांचा. हमरस्ता जंगलाच्या मधून जातो. त्याने दोन्ही बाजूंच्या हरणांचं काय होतं हे एक संशोधक बाई आणि त्यांचे दोन सहायक बघतायत. ऑफिसात बाईंना सगळे 'हरणवाली' म्हणतात आणि हे त्यांना माहीत आहे. फोन उचलला की स्वतःच म्हणतात, "सर, हरणवाली बोलतेय. जिवंत आहे का आमची फाइल?"

मार्चअखेर त्यांची मुदत संपते. पुढे चालू ठेवायचं की बंद, हे माझ्या टिपणावर ठरणार. टिपण जाणार अध्यक्षांकडे. अध्यक्ष निवृत्त सर्जन आहेत, आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणतो. कुठल्याही अभ्यासाबद्दल त्यांचा प्रश्न एकच: "एका ओळीत सांगा. पेशंट बरा आहे की नाही?"

घरी सगळं ठीक. बायको मागच्या खोलीत झोपायला लागल्यापासून दोघांचीही झोप सुधारली आहे. माझ्या खोकल्याने तिला त्रास व्हायचा.

१६ जानेवारी

हरणवालीच्या ठाण्यावर जाऊन आलो. ठाणं म्हणजे बंद पडलेल्या, ट्रक तोलायच्या वजनकाट्याच्या वरच्या दोन खोल्या. खिडकी उघडली की हमरस्ता. बोलताना प्रत्येक वाक्य ट्रक जाईपर्यंत हातात धरून ठेवावं लागतं.

खाली गस्तीची जीप उभी होती. रस्त्यावर मरून पडलेली जनावरं उचलणं हे त्या गस्तवाल्याचं काम. बोलका माणूस. "आधी दर आठवड्याला ओढून काढायचो साहेब. ताडपत्री वाळायची नाही. आता बघा." त्याने जीपच्या मागच्या भागातली ताडपत्री दाखवली. घडी मोडलेली नव्हती. रोजच्या अहवालात तो एकच वाक्य लिहितो, 'रस्त्यावर काही सापडलं नाही', आणि ते लिहून लिहून हाताला वळण लागलंय म्हणाला.

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत 'कमी झालं' असं काही प्रत्यक्ष ऐकायला मिळणं दुर्मीळच.

हरणवाली कॅमेऱ्याच्या बॅटरीशी झटत होती. दातात स्क्रू धरून म्हणाली, "सर, जरा थांबाल का? एक नकाशा दाखवायचाय." मला परतीची बस होती. म्हटलं, मेल करा.

२२ जानेवारी

नकाशा मेलवर आला. उघडला तर नुसते ठिपके. मोबाइलवर कळत नाही. नंतर बघेन.

बायको मला कपडे धुण्याचं मशीन शिकवते आहे. कुठलं बटण आधी, पावडर कुठे, रंगीत वेगळे का. "येऊ दे की तुलाही," म्हणाली. मी सगळं क्रमाने लिहून मशीनवर चिकटवलं. ती वाचून हसली. "वर 'विषय' आणि 'संदर्भ' तेवढं राहिलं बघ." बऱ्याच दिवसांनी हसली.

२ फेब्रुवारी

टिपण लिहून झालं. मेलेल्या हरणांचा आलेख घसरगुंडीसारखा खाली आलाय. त्याहून बोलकं काही नाही. डॉक्टरांसाठी एक ओळ वर ठळक टाकली: 'महामार्गावरील हरणांचे मृत्यू जवळजवळ थांबले असून अभ्यासाचा हेतू साध्य झाला आहे.' खाली शिफारस: मुदतवाढीची गरज नाही.

चांगलं टिपण आहे. दोन पानांत बसलं.

जेवताना मेव्हणीचा फोन आला. बायको अंघोळीला गेली होती म्हणून मी घेतला. "भावजी, ताईला विचाराल का, खिडकीला निळे पडदे चालतील की फिकट हिरवे?" मी म्हटलं, पाहुण्यांच्या खोलीला एवढा विचार कशाला, कुठलेही लाव. ती म्हणाली, "नको, तिलाच विचारते."

दोघी बहिणी पडद्यावरून अर्धा तास बोलू शकतात.

११ फेब्रुवारी

डॉक्टर खूश. "वा! असा पेशंट मिळायला हवा. ऑपरेशन नाही, औषध नाही, आपोआप बरा." टिपणाची प्रत त्यांनी रस्ते खात्याच्या इंजिनिअरकडेही धाडली. त्या इंजिनिअरचं ॲपेंडिक्स डॉक्टरांनीच काढलं होतं, तेव्हापासून ओळख.

आज हिशेब घातला. गेल्या काही महिन्यांत घरात एकदाही आवाज चढलेला नाही. मागच्या वर्षी खिडकी उघडी ठेवायची की बंद यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. त्याच्या आधी मुलाच्या परदेशी जाण्यावरून, त्याच्या आधी माझ्या आईच्या आजारपणावरून. माणसं वयानुसार शहाणी होतात. खिडकी आता तिच्या खोलीत उघडी असते, माझ्या खोलीत बंद.

२७ फेब्रुवारी

हरणवाली न कळवता ऑफिसात आली. बुटांना चिखल, हातात गुंडाळी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"सर, तुम्ही माझा पूल मारलात."

मी म्हटलं, बसा तरी.

"बसते. रस्ता रुंद होतोय, मधे भिंत येतेय, हे तुम्हाला माहितीय. त्या कामात एक पूल धरला होता. वर माती, झाडं, झुडपं; जनावरांना रस्ता ओलांडायला. काल इंजिनिअरनी तो नकाशातून काढला. कारण काय, तर निधीचं टिपण. हरणं मरायची थांबली, मग पूल कशाला?"

"पण थांबली आहेत ना?"

"थांबली."

"मग?"

तिने गुंडाळी टेबलावर उलगडली. चारी कोपऱ्यांवर माझं पंचिंग मशीन, स्टेपलर, चहाचा कप आणि तिचा हात. मेलवर आलेलाच नकाशा, मोठा केलेला. गळ्यात माग दाखवणारा पट्टा बांधलेली हरणं जिथे जिथे गेली तिथे तिथे एक ठिपका. हजारो असतील. डावीकडे दाट, उजवीकडे दाट. मधे वरपासून खालपर्यंत एक पांढरा पट्टा, जराशी वळणं घेत गेलेला. एकही ठिपका नाही.

"हा रस्ता?" मी विचारलं.

"रस्ता काढलेलाच नाही यात. ही नुसती हरणं आहेत."

मी बराच वेळ बघत राहिलो. न काढलेला रस्ता इतका स्पष्ट दिसत होता की कडेचा वजनकाटा कुठे असेल तेही बोटाने दाखवता आलं असतं.

"मरत नाहीत, कारण येतच नाहीत," ती म्हणाली. "रस्त्यापासून एवढ्यावर येतात, उभी राहतात, माघारी जातात. मेलेली मोजून काय कळणार सर? जे यायचंच बंद झालं ते मरणार कुठून?"

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"नकाशा पाठवला होता."

मी कप उचलला तर कागदाचा कोपरा गुंडाळला गेला, म्हणून परत ठेवला.

१ मार्च

खरं काय ते लिहितो. चूक माझी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती कबूल केली तर टिपण मागे घ्यावं लागेल, तेही अध्यक्षांनी वाखाणलेलं आणि पुढे पाठवलेलं. निवृत्तीला फार दिवस राहिले नाहीत. गप्प बसलो तर कोणी विचारणार नाही. हरणवाली ओरडेल, आणि प्रत्येक संशोधक ओरडतोच.

हिशेबनीस माझा जुना दोस्त. त्याला डबा खाताना सांगितलं. तो म्हणाला, "अरे बाबा, आपल्याकडे टिपणं हरवतात, कुजतात, उंदीर खातात. लिहिणाऱ्यानेच परत मागितल्याचं ऐकलं नाही कधी."

"मग काय करू?"

"मला काय विचारतोस? मी फक्त बेरीज बघतो. पण पूल एकदा नकाशातून गेला की भिंत झाल्यावर परत यायचा नाही, एवढं मलाही कळतं."

घरी आल्यावर बायकोला सांगावं असं वाटलं. पूर्वी असं काही झालं की सांगायचो. ती बाजू घ्यायची नाहीच, उलट वकिलासारखी उलटतपासणी करायची आणि मग भांडण. तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत फोनवर बोलत होती. उगीच कशाला, म्हटलं.

९ मार्च

इंजिनिअरला भेटलो. वाटलं होतं हेकेखोर असेल, तसा नाही. नकाशांच्या नळकांड्यांमधून वाट काढत त्याने माझ्यासाठी स्टूल आणलं.

"साहेब, मला पूल नको असं नाही. पण वरचे विचारतात, कशासाठी? आधी मी सांगायचो, जनावरं मरतात, गाड्या आपटतात, माणसंही जातात. आता तुम्हीच लिहून दिलंत की मरत नाहीत. मी कुठल्या तोंडाने मागू?"

"आणि मी लिहिलं की ती येतच नाहीत म्हणून मरत नाहीत?"

"वरचे म्हणतील, येत नाहीत तर त्यांना पलीकडे जायचंच नाही. समाधानी आहेत आपापल्या जागी."

"त्यांना जायचंय हे कसं दाखवायचं?"

"ते तुमच्या बाईंना विचारा. मी रस्ते बांधतो." मग त्याने आवाज खाली आणला. "महिनाअखेरीला नकाशे बंद होतात. त्याआधी तुमच्या अध्यक्षांच्या सहीने काहीतरी आणा. अभ्यास चालू आहे, निकाल यायचाय, एवढं असलं तरी मी पूल तुटक रेषेत, म्हणजे विचाराधीन म्हणून, ठेवू शकेन. अभ्यासच बंद असेल तर मात्र हात टेकले."

म्हणजे गाडी पुन्हा माझ्या टिपणापाशीच आली.

१८ मार्च

पुन्हा ठाण्यावर. या वेळी परतीच्या बसचं बघितलं नाही.

हरणवालीबरोबर जंगलाच्या कडेने चाललो. ती मधेच वाकून लेंड्या उचलायची आणि डबीत टाकायची. दोन्ही बाजूंच्या लेंड्या तपासून हरणं एकमेकांच्या नात्यातली आहेत का ते कळतं म्हणे. रस्ता झाला तेव्हा दोन्हीकडची एकाच घरातली होती. आता दुरावत चालली आहेत. "सख्खी होती, चुलत झाली, अजून काही वर्षांनी ओळखही राहणार नाही," ती म्हणाली. "दोन लहान कळप, आपापल्यात जुळणारे. वरून बघितलं तर छान शांत. एखादा रोग आला की सगळाच खेळ खलास."

मी इंजिनिअरचा प्रश्न तिला विचारला. त्यांना पलीकडे जायचंय हे कशावरून?

"आधी जात होती, यावरून. म्हाताऱ्या माद्यांना वाट माहीत होती. पाडसं मागे लागून शिकायची. माद्या रस्त्यावर मेल्या. आता जी आहेत त्यांनी कोणाला ओलांडताना पाहिलेलंच नाही. जायचं नाही असं काही त्यांनी ठरवलेलं नाही सर. सवय मोडली."

तेवढ्यात तिने मला दंडाला धरून थांबवलं. समोर एक मादी उभी होती. तिच्या पुढे गवताचा पट्टा, मग कठडा, मग ट्रक. तिने मान उंच केली, कान फिरवले. एक पाय उचलला, तो तसाच धरून ठेवला. मग वळून निघून गेली. पळाली नाही. काहीतरी विसरलं म्हणून माणूस घरात परत जातो तशी गेली.

"हे रोज बघते मी," हरणवाली म्हणाली. "गस्तवाला याला लिहितो, काही सापडलं नाही. आणि खोटं लिहीत नाही तो."

वर येऊन चहा घेतला. तिने विचारलं, घरी कोण कोण? म्हटलं, मी आणि बायको. मुलगा बाहेर असतो. शांत घर आहे.

१९ मार्च

नवीन टिपण लिहिलं. पहिलं वाक्य: 'दि. २ फेब्रुवारीच्या टिपणातील निष्कर्ष चुकीचा होता.' 'असे निदर्शनास आले' लिहिलं होतं, ते काढून टाकलं.

बायकोने मोठी पातेली कोणाला तरी देऊन टाकली. दोन माणसांना कशाला एवढी, म्हणाली. पटण्यासारखं आहे. नवीन आणलेलं भांडं मात्र फारच लहान आहे. एकाचंही जेमतेम होईल.

२६ मार्च

विश्वस्तांची बैठक. डॉक्टर, देणगीदार गृहस्थांची मुलगी, आणि कोपऱ्यात बेरीज बघणारा माझा दोस्त. हरणवालीला बाहेर बाकावर बसवलं होतं. बूट धुऊन आली होती.

डॉक्टरांनी दोन्ही टिपणं शेजारी शेजारी ठेवली. "अहो, परवापरवा तुम्ही म्हणालात पेशंट बरा. आज म्हणताय अत्यवस्थ. मधे काय खाल्लं त्याने?"

सगळे हसले. मीही हसलो.

"तेव्हा मी मेलेली मोजली होती," मी म्हणालो. "ती कमी झाली, कारण रस्त्यापर्यंत येणारीच कमी झाली. हा फरक मी बघितला नाही. नकाशा माझ्याकडे होता. उघडून नीट बघितला नाही."

"हे असं लेखी दिलंयत?"

"पहिल्याच वाक्यात."

नकाशा पसरला. देणगीदारांची मुलगी चष्मा सारखा करून वाकली. तिच्या वडिलांचे ट्रक याच रस्त्यावरून जायचे. "यात रस्ता कुठे आहे?"

"काढलेला नाही."

तिने पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत हळूहळू फिरवलं. मग बोट उचलून घेतलं.

डॉक्टरांनी पहिलं टिपण उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मी नवा नवा होतो. आडबाजूच्या हॉस्पिटलात नेमणूक. एका पावसाळ्यात वॉर्ड रिकामा झाला. आम्ही तरुण पोरं, पत्ते खेळलो. म्हटलं, लोक ठणठणीत झाले. पाणी ओसरल्यावर कळलं, हॉस्पिटलकडे येणारा साकव वाहून गेला होता." पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. "बोलवा तुमच्या बाईंना."

हरणवाली आत आली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, पण जरा वेगळा. "एका ओळीत. आता काय मोजणार?"

"येतात का, ते. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. मेलं तरी चालेल, आलं पाहिजे."

"मेलं तरी चालेल?" देणगीदारांची मुलगी दचकली.

"चालणार नाही. पण एखादं मेलं याचा अर्थ कोणीतरी अजून प्रयत्न करतंय. मला त्याची काळजी कमी वाटते."

ठरलं ते असं: आणखी एक वर्ष. लेंड्यांच्या तपासण्या आणि गळ्यातले पट्टे आमच्याकडून; कॅमेरे तिने दुसरीकडून मिळवायचे. पहिलं टिपण मागे घेतल्याचं पत्र डॉक्टरांच्या सहीने इंजिनिअरकडे आजच. आणि यापुढे माझ्या प्रत्येक टिपणावर दुसऱ्या कोणाची तरी सही. या वयात शिकाऊ चालकासारखा शेजारी माणूस बसवला. वाईट वाटलं, पण तक्रार नाही.

बाहेर हरणवालीने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. एका वर्षात सिद्ध करता येईल का, म्हणून विचारलं. "माहीत नाही," म्हणाली. "पण फाइल जिवंत आहे ना."

३० मार्च

बायकोने संध्याकाळी चहा घेताना सांगितलं. मेव्हणीच्या शहरात शालेय पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाने तिला मुद्रितं तपासायला बोलावलं आहे. घरी बसून हे काम ती वर्षानुवर्षं करतेच; ही नोकरी, पूर्ण वेळ. तिने अर्ज हिवाळ्याआधीच केला होता. राहायची सोय बहिणीकडे. खोली तयार आहे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही. राहायलाच."

ती दातांच्या डॉक्टरची वेळ सांगावी इतक्या सहज बोलत होती, म्हणून मीही तसंच घेतलं. म्हटलं, "बरं. बहिणीजवळ राहशील, सोयीचं आहे."

तिने कप खाली ठेवला. "एवढंच?"

"अजून काय?"

"काही नाही. चहा गार होतोय तुझा."

दोघांपैकी कोणाचाही आवाज चढला नाही. अशा बाबतीत लोक केवढा तमाशा करतात.

३ एप्रिल

इंजिनिअरचा फोन. पूल नकाशात परत आला, तुटक रेषेत का होईना. हरणवालीला कळवलं. ती ओरडली ती मला फोन कानापासून लांब धरूनही ऐकू आली.

तेवढा आनंद कोणाला तरी सांगावासा वाटला. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत ती खोकी भरत होती. दार उघडंच होतं. तिथे जरा वेळ उभा राहिलो, मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. का गेलो ते कळलं नाही, तहान नव्हती.

६ एप्रिल

सुट्टीचा दिवस. दुपारी भांडण झालं.

सुरुवात शब्दकोशावरून. जाड, कातडी पुठ्ठ्याचा. तो तिने खोक्यात घातला होता. मी म्हटलं, तो माझा आहे, पहिल्या पगारातून घेतलेला. मी हे का म्हटलं ते मला सांगता येणार नाही.

ती खाली बसली होती, ती उठली. "तू तो शेवटचा कधी उघडलास?"

"तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे! इतकी वर्षं तो मी वापरते. तू त्यावर चष्मा ठेवतोस."

"मग विचारून घ्यायचा."

"कोणाला विचारायचं? तू असतोस कुठे? मी घर सोडून जाते म्हटलं तर म्हणालास, सोयीचं आहे. सोयीचं! भाड्याची सायकल परत करायला निघालेय का मी?"

मी म्हटलं, तू अर्ज केलास तेव्हा मला सांगितलं नाहीस. ती म्हणाली, मागच्या खोलीत गेले तेव्हा तू विचारलं नाहीस. मी म्हटलं, खोकला. ती म्हणाली, "खोकला दोन आठवड्यांत गेला तुझा! मी वाट बघत होते, म्हणशील ये परत. तू माझी उशी आणून दिलीस!"

हे खरं आहे. आणून दिली होती.

मग मुलाचं निघालं, आईचं निघालं, खिडकीचं निघालं. मी बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तिने मला आयुष्यभर टिपण लिहिणारा माणूस म्हटलं. मी म्हटलं, तू आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांखाली लाल रेघा मारल्यास. समोरच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी खिडकी लावून घेतली. मी जाऊ नकोस म्हणालो. कितव्यांदा तरी म्हणालो तेव्हा लक्षात आलं की आधीही म्हणालोय. ती रडली, मग रडल्याबद्दल माझ्यावरच चिडली.

काही मिटलं नाही. तिकीट दहा तारखेचं आहे आणि ती जाणार आहे. कामाचा पहिला दिवस ठरलाय, तिला ते काम हवं आहे, आणि ते तिला चांगलं जमेल, हेही मी ओरडूनच सांगितलं. शब्दकोश खोक्याबाहेर काढून जमिनीवर ठेवलेला आहे. तो कोणाचा, हे ठरलेलं नाही.

एवढं नोंदवतो: मुद्दा संपला असं वाटून ती तिच्या खोलीत जायची आणि काहीतरी आठवून परत यायची. तशी तीनदा आली. मी तिच्याकडे दोनदा गेलो. मधला बोळ चार पावलांचा आहे.

हे लिहीत असताना दार ढकलून ती पुन्हा आत आली. डोळे सुजलेले, हातात चिकटपट्टीचं रीळ.

"आणि अजून एक राहिलंय," म्हणाली.

मी खुर्चीवरचे कपडे उचलले आणि तिला बसायला जागा केली.